घडी मोडताना

पुन्ता अरेनासमध्ये वारा बाहेर असतो.
आम्ही इस्पितळाच्या तळघरात, जिथे वाफेचा आवाज
आणि एर्सिलिया बार्रिआचा:
"तोंड उघड. त्याचं, तुझं नव्हे."

चिमट्याचे दात एकमेकांत रुतलेले राहिले
तर वाफ तिथवर पोचत नाही,
आणि जे मरायला हवं ते तिथेच दडून बसतं.
म्हणून प्रत्येक चिमटा जांभई दिल्यासारखा,
कात्र्या उघड्या, जड ते तळाशी,
मधोमध कागदाची पट्टी. तीच आतलं खरं सांगते.
बाहेरच्या चिकटपट्टीवरच्या रेघा काळ्या होतात, होऊ देत,
ती फक्त दारापर्यंतची बातमी.

मग कापड, तिरपं.
आधी आपल्याकडचा कोपरा वर, आणि त्याचं टोक मागे दुमडून
एक कान ठेवायचा,
उघडणाऱ्या हाताला धरायला.
मग डावा. मग उजवा. समोरचा शेवटी, खोचून.
मग हे सगळं पुन्हा, दुसऱ्या कापडात.

"आवळू नकोस, वाफेला वाट दे.
ढिलं सोडू नकोस, जिन्यातच सुटेल."
म्हणजे किती, मी विचारलं.
तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबला.
एवढं.

पहिल्या महिन्यात माझी अकरा पुडकी परत आली.
तीन ओली.
एक दिव्यापुढे धरलं तर टाचणीएवढा उजेड.
एकात माझाच केस, लांब, निवांत पडलेला.
वरून डॉक्टर मिमिकांचा फोन यायचा
आणि मी काही बोलायच्या आत एर्सिलिया सांगायची, "माझं होतं ते,"
चिकटपट्टीवर अक्षरं माझी असताना.

जेवायच्या सुट्टीत ती चिलोए बेटावरचं सांगायची:
खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर शिंपले, बटाटे, मांस,
वर नाल्काची छत्रीएवढी पानं, पानांवर गवताची ढेकळं,
आणि तिची आई भोवती फिरत, वाकून, डोळे बारीक करून.
कुठून धूर नव्हे, वाफ सुटताना दिसली
की तिथे पायाने ढेकूळ दाबायची.
"बाहेर दिसली तेवढी आत कमी पडली."
यावर काय बोलायचं मला कळायचं नाही. मी सफरचंद खायचे.

जुलैत ती कामावर आली नाही.
झोपेतच, म्हणाले.
आमचं एकही हत्यार लागलं नाही तिला.

नोव्हेंबरात फळ्या तपासताना अगदी मागे
एक पुडकं सापडलं, तळहाताहून थोडं मोठं.
लहान मुलांच्या बरगड्या दूर धरायचं साधन.
वर निळ्या शाईत: ए. बा., एकोणीस मे.
आमच्याकडे मुदत सहा महिने.
त्यानंतर उघडायचं, धुवायचं, नव्याने बांधायचं,
मग आत सगळं ठीक असो वा नसो.

नव्या कपड्याची घडी मोडावी
तशी ही मोडायची नव्हती.
दानित्सा म्हणाली, दे, मी करते.
मी दिलं नाही.

कान होता तिथेच होता.
ओढला, आणि चारी कोपरे आपसूक मागे गेले,
तिने लावले त्याच्या उलट्या क्रमाने,
दोनदा.
आतली पट्टी टोकापासून टोकापर्यंत काळी.
साधनाचे दोन्ही हात एकमेकांपासून सुटे.
या सहा महिन्यांत इथे कुठल्या लेकराची छाती
उघडावी लागली नाही.
निदान याने तरी नाही.

चिकटपट्टी मी वहीत लावली, नियमाप्रमाणे.
घडी लावायला वहीत जागा नाही.

धुतलं, सुकवलं, भिंगाखाली पाहिलं.
नवं कापड, तिरपं.
उजव्या कोपऱ्याशी माझा हात नेहमीसारखा जरा जास्त ओढू लागला,
मग थांबला.
माझी अक्षरं घातली. तारीख घातली.

यंत्राचं जड दार लावलं,
काटा एकशे चौतीसकडे चढू लागला.
वर कुणीतरी दरवाजा उघडा टाकला असणार,
जिन्यातून वारा थेट खाली आला,
आणि मी आधी
केस टोपीत आहेत का ते चाचपलं.